सुनेची मॅनेजर

माझी सून मोटरसायकलच्या शर्यतीतून बाद झाली, तेव्हा तिच्या खांद्यावर शाल होती आणि मांडीवर नारळ. दोन्हींची व्यवस्था मी केली होती.

अश्विनी वणीजवळच्या खेड्यातली. वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, त्यामुळे लहानपण पान्यांशी खेळण्यात गेलं. (लग्नाच्या बोलणीत मी विचारलं, "मुलीला काय काय येतं?" वडील अभिमानाने म्हणाले, "इंजिन समदं येतं तिला!" मी इंग्रजी ऐकलं आणि होकार दिला.) माझा मुलगा निखिल सातपूरला लहानसं वर्कशॉप चालवतो. लग्नानंतर दोघं रविवारीही तिथेच. मला वाटायचं, नवीन जोडपं आहे, फिरायला जात असेल. जोडपं एक जुनी मोटरसायकल खोलून बसलेलं असायचं.

"ड्रॅग रेस आहे आई," निखिलने एकदा समजावलं. "सरळ रस्ता, पाव मैल. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागला की सुटायचं."

"वळणं?"

"नाहीत."

"मग त्यात विशेष काय?"

"एकदा मागे बस अश्विनीच्या."

बसले. सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यापर्यंतच. पण विशेष काय ते कळलं. माझं काळीज दोन मिनिटांनी मागून चालत आलं!

गाडी पळत होती, अश्विनी उत्तम चालवत होती, अडलं होतं पैशांपाशी. स्पॉन्सर हवा होता आणि ही दोघं मागण्याच्या बाबतीत अगदी मुखदुर्बळ. मी मात्र नाशिक रोडच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलेली, दरवर्षीच्या गॅदरिंगला बाजारपेठ पिंजून देणग्या आणलेली. "मी आहे ना!" म्हणाले आणि त्या क्षणी मॅनेजर झाले. मला कुणी नेमलं नव्हतं, म्हणूनच पुढे कुणाला काढताही येईना.

पहिले स्पॉन्सर मिळाले ते अण्णासाहेब. गंगापूर रोडला त्यांचं लग्नाचं लॉन्स आहे. त्यांच्या धाकट्याला मी दोन वर्षं काठावर पास केलं होतं.

"पैशाचं सोडा हो बाई," ते म्हणाले. "पण आमचं नाव कुठं येणार?"

"टाकीवर! मोठ्या अक्षरात."

"आणि सत्कार?"

"तुमचा?"

"खेळाडूचा हो! आमच्या हस्ते. मैदानावरच. दोन शब्द बोलू, फोटोबिटो काढू."

सत्कार म्हटल्यावर माझ्या अंगात बत्तीस गॅदरिंगं एकदम संचारली. मी लगेच हो म्हटलं.

घरी आल्यावर अश्विनीने हळूच विचारलं, "आई, त्यात मागचं टायर बसंल का? लय घासलंय."

"बसेल गं, सगळं बसेल!"

मग मी टीमचे टी-शर्ट शिवून घेतले, वीस. (टीम तीन माणसांची. पण नातेवाईक नाराज व्हायला नकोत.) एक फ्लेक्स करून घेतला. बिल्ले केले. शिवाय हातात धरायचा माइक आणि चाकांवर ओढत न्यायचा स्पीकर घेतला, कारण मैदानावर आवाज पोहोचत नाही हा माझा जुना अनुभव. एवढं झाल्यावर टायरसाठी उरला तो फक्त माझा शब्द.

म्हणून दुसरा स्पॉन्सर गाठला. आमच्या भजनी मंडळातल्या शोभाताई, घरगुती मसाले विकतात.

"माझं नाव टाकीवर हवं," शोभाताई म्हणाल्या.

टाकी अण्णासाहेबांना देऊन झाली होती. पण टाकीला दोन बाजू असतात! मी डावी बाजू शोभाताईंना दिली. हे अण्णासाहेबांना कळलं आणि ते रुसले. त्यांची समजूत काढायला सत्कारात शाल त्यांच्या हस्ते ठरली. मग शोभाताई रुसल्या. त्यांना नारळ दिला. शाल मोठी की नारळ मोठा यावर तीन दिवस फोन चालले. शोभाताईंचे पैसे टेम्पो, हार आणि पाहुण्यांच्या नाश्त्यात गेले.

टायर अश्विनीने स्वतः आणलं. माहेरून दिवाळीला साडीसाठी आलेल्या पैशांतून. हे मला खूप नंतर, निखिलकडून कळलं.

शर्यत नाशिकपासून चार तासांवर, एका जुन्या धावपट्टीवर होती. सकाळच्या सरावात अश्विनी जुन्या टायरवरच सगळ्यांच्या पुढे राहिली. एका मोठ्या टीमचा माणूस येऊन निखिलला तिचं नावगाव विचारून गेला. नवं टायर निखिल-अश्विनीने खऱ्या फेरीसाठी राखून ठेवलं होतं. दुपारी ते चढवलं. निखिल पुढे स्टार्टिंग लाइनपाशी जाऊन उभा राहिला आणि अश्विनी हेल्मेट हातात घेऊन गाडीवर, रांगेत.

तेवढ्यात अण्णासाहेब आले. लॉन्सचे चार लोक, फोटोग्राफर आणि शोभाताईंसकट.

"अश्विनी, जरा बाजूला घे गाडी," मी म्हणाले. "सत्कार उरकून टाकू."

"आई, नंबर येईल आता."

"दोनच मिनिटं!"

तिने निखिलकडे पाहिलं. तो लांब होता. मग माझ्याकडे पाहिलं आणि गाडी रांगेतून बाहेर घेतली. सासूला नाही म्हणायचं नाही, हे तिला माहेरी कुणीतरी शिकवलं असणार. फार वाईट शिकवलं.

मी माइक सुरू केला. प्रास्ताविक केलं. (संक्षिप्त! फक्त तिच्या शिक्षणापासून सुरुवात केली.) अण्णासाहेबांनी शाल घातली. फोटो नीट आला नाही, म्हणून काढून पुन्हा घातली. शोभाताईंनी नारळ दिला, तो धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून मांडीवर ठेवला. मग अण्णासाहेबांनी माइक घेतला.

"आज आपल्या नाशिकची कन्या..."

लांब कुठेतरी आयोजकांचा कर्णा काहीतरी ओरडत होता. मी आमच्या स्पीकरचा आवाज वाढवला.

"आई, आपलाच नंबर पुकारतायत वाटतं," अश्विनी म्हणाली.

"नाही गं, दुसऱ्या कुणाचा असेल."

निखिल लाइनपाशी दोन्ही हात हलवत होता. मला वाटलं, फोटोत यायचंय त्याला. मीही हात हलवला!

शेवटी आयोजकांचा एक मार्शल धापा टाकत आला. "मॅडम, तीनदा पुकारलं! तुमची गाडी बाद."

"बाद म्हणजे?" अण्णासाहेब माइकवरूनच गरजले. "आमचं भाषण राहिलंय अजून!"

अश्विनीने शाल-नारळासकट गाडी लाइनपर्यंत नेली. तिने विनंती केली, निखिलने हात जोडले, मी माझी बत्तीस वर्षांची सेवा सांगितली. नियम तो नियम. शेजारच्या लेनमधली मुलगी एकटीच सुटली आणि एकटीच जिंकली. सकाळी ती अश्विनीच्या बरीच मागे होती.

परतताना टेम्पोत मी गाडीशेजारी बसले होते. नव्या टायरवर रबराचे ते बारीक केस असतात ना, ते सगळे जसेच्या तसे होते. एकही झिजला नव्हता. मी चार तास ते बघत आले.

वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या गेटवर तो फ्लेक्स! 'प्रथम क्रमांकाबद्दल हार्दिक अभिनंदन.' मीच आधी छापून ठेवला होता आणि अण्णासाहेबांच्या माणसांनी, काही न विचारता, ठरल्या वेळी टांगला होता. लोक पेढे मागायला लागले. अश्विनी कामाला निघाली, तेव्हा गेटवर प्रत्येकाला थांबून सांगत होती, "नाय काका, जिंकले नाय." का जिंकली नाही, हे तिने कुणालाही सांगितलं नाही. खिडकीत उभी राहून मी वाट बघत होते, की निदान एकदा तरी म्हणेल, सासूमुळे. नाही म्हणाली.

संध्याकाळी मी तिच्यासमोर बसले. "चुकलं माझं."

तिने चहाचा कप पुढे केला. "आई, तुम्ही लय केलं माझ्यासाठी. पण मला फक्त गाडी पळवायची होती."

त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं. मी राजीनामा दिला. निखिल इतक्या चटकन "बरं" म्हणाला, की मला जरा लागलंच.

त्या मोठ्या टीमच्या माणसाचा फोन यायला वर्ष गेलं. ते वर्ष मी तिचं खाल्लं. आता तिची मॅनेजर त्या टीममधली एक अबोल मुलगी आहे. टायर वेळेवर येतात आणि सत्कार होत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात अश्विनी फायनलला पोचली. मी गेले. साधं तिकीट काढून, प्रेक्षकांत, रिकाम्या हाताने बसले. मनाशी ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. फक्त बघायचं.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचं कोणी आहे का यात?"

मी त्यांच्याकडे वळले, पदर सावरला. "ती डावीकडची ना, ती माझी सून. मूळची वणीकडची. तिचे वडील..."

तेवढ्यात टाळ्या पडल्या. अश्विनी जिंकली होती! शर्यत होती बारा सेकंदांची आणि मी अजून तिच्या माहेरीच होते.