उभ्याचं माप

टेलरबाईंनी डॉक्टरांवर डूख धरला तो एका शब्दावरून. शब्द होता 'सोंग'.

बाईंची लेक सोळाची. तीन वर्षांपूर्वी तिला ताप आला नि गेला, पण जाताना पोरीचं उभं राहणंच घेऊन गेला. निजलेली असली की ठणठणीत. उभी राहिली की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि पोरगी जमिनीवर. शाळा सुटली. डॉक्टरांनी दर वेळी तिला टेबलावर निजवून तपासलं आणि केसपेपरवर लिहिलं, 'सोंग. घरच्यांनी लक्ष देऊ नये.'

मोठ्या इस्पितळात नवा विभाग निघाला होता. ठोके, रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या नसा बिघडल्या, तर त्यावर तिथे उपचारही होत नि संशोधनही. पण या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तिथे कुणी दारात उभं करत नव्हतं. बाईंनी स्वतः लेकीचं मनगट धरून मोजलं. निजलेली बहात्तर, उभी एकशे चौतीस.

"एकदा उभं करून मोजा हो, डॉक्टर."

डॉक्टर हसले. "बाई, तुम्ही कपडे मापा. माणसं आम्ही मापतो."

बाई केसपेपर घेऊन घरी आल्या.

पुढं डॉक्टरांचा रुग्णसेवेबद्दल सत्कार ठरला. त्यांना सूट हवा होता, आणि सूट शिवावा तर बाईंनीच. डॉक्टर दुकानात आले.

"उभं कशाला राहता साहेब? बसा की. बसल्या बसल्या घेते माप."

बसलेल्या माणसाचं पोट सुटतं, कंबर चार बोटं वाढते, हे शिकाऊ पोरीलाही ठाऊक असतं. बाईंनी तोच आकडा लिहिला. पट्ट्याचे लूप लावले नाहीत. ट्रायलला डॉक्टरांना सवड नव्हती. पंचवीस वर्षांत बाईंनी इतकं मन लावून काही बिघडवलं नव्हतं!

सूट ऐन वेळी पोचला; डॉक्टर खिशातल्या हातांनी पँट सावरत सत्काराला आले आणि पहिल्या रांगेत राजासारखे बसले. भाषणाला उठले, हात जोडले आणि पँट निघाली खाली. 'रुग्णाचं ऐकून घ्यावं' हे सगळं भाषण त्यांनी एका हातानं कंबर धरून केलं. मागच्या रांगेतून बाईंनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पँट काउंटरवर आदळली. "बसवून माप घेतं का कुणी?"

"नाही घेत," बाई म्हणाल्या. "ज्याला उभं राहायचंय त्याला उभं करूनच मापायचं. हे कळतं म्हणायचं तुम्हाला." आणि केसपेपर पुढे सरकवला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. लेक आतून भिंत धरत आली. त्यांनी तिचं मनगट धरलं, घड्याळ लावलं. सातव्या मिनिटाला ठोके एकशे अडतीस झाले, पोरगी कलंडली, आणि तिला डॉक्टरांनीच सावरलं. त्यांनी 'सोंग' खोडलं. खाली विभागाच्या नावे चिठ्ठी लिहिली.

"चुकलं माझं," ते पुटपुटले. मग म्हणाले, "पँट कधी मिळेल?"

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

"ठेवून जा," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांनी या."