समोर बसायला माणूस

फेलिपाआजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या इमारतीच्या केलरमध्ये पाइपला बांधलेल्या होत्या. कपड्यांची बादली घेऊन मी तळघरात उतरले, तर जमिनीवर एक म्हातारी, कमरेला पट्टा आणि तिथून दोऱ्या थेट हीटिंगच्या पाइपपर्यंत. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनसारख्या शिस्तीच्या गावात कुणी म्हातारीला डांबून ठेवलंय, असंच वाटलं. पट्टा सोडवायला धावले, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. तो त्यांचा माग होता. कमरेने मागे रेलून ताणा ताठ ठेवायचा, ही पेरू देशातल्या त्यांच्या डोंगरातली रीत. लेकीच्या, म्हणजे रोसाच्या, फ्लॅटमध्ये दोऱ्या बांधण्याजोगं भक्कम काही नव्हतं.

त्यांचं जर्मन माझ्याहूनही तोडकं, म्हणून आमचं छान जमलं. "लांग्झाम" हा त्यांचा लाडका शब्द. मी जिना धडधडत उतरले की लांग्झाम, कपडे भसाभसा ओढले की लांग्झाम, हळू. विणणं एकटीने होतं, पण ताणा लावताना लोकरीचा गुंडा इकडून तिकडे द्यायला समोर माणूस लागतो. गावी त्यांची बहीण बसायची. रोसा हॉस्पिटलातल्या शिफ्टचं कारण सांगून टाळायची. मग मी बसू लागले. माझा धागा सैल पडला की आजी एक शब्द न बोलता तो उलगडायच्या. माझ्या सासूबाईंनीही मला इतकं छळलेलं नाही.

मागावर होतं ते रोसाच्या होणाऱ्या बाळाला पाठीशी बांधायचं कापड. त्यावर तळ्यातल्या पक्ष्यांची नक्षी, आजींच्या आईची. ती कागदावर कुठेच नव्हती. बहीण गेल्यावर फक्त आजींच्या हातात उरली होती. आणि असं कापड चारही कडांनी मागावरच पुरं करायचं. "शेरं नाइन, श्टोफ टोट," त्या बजावायच्या. कात्री लावली की कापड मेलं.

कापड चार बोटं उरलं असताना आजींना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्यांना हाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, हलवायचं ठरलं, त्या दिवशी रोसा केलर रिकामं करायला कात्री घेऊन उतरली. दिवस भरत आलेले, डोळे सुजलेले. आजी व्हीलचेअरवर.

"अगं, थांब," मी म्हणाले.

"आल्झो, मग तू विणणार आहेस का? कापते, कडा शिवून घेते. आठवण तरी राहील."

आजींनी डाव्या हाताने पट्टा उचलला आणि लेकीसमोर धरला.

"मला येत नाही, ममा."

पट्टा खाली झाला नाही. कात्री उघडीच होती. तेवढ्यात केलरचा दिवा नेहमीसारखा आपोआप विझला. मी चाचपडत बटण दाबलं तेव्हा रोसा जमिनीवर बसून पोटाखाली पट्टा आवळत होती. मला हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. शेवटची वीण सुईने, एकेक धागा उचलून भरायची असते. चुकला की आजी तिचा खांदा दाबत. ती रडत, चिडत उसवे आणि पुन्हा भरे. दिवा विझू नये म्हणून मी बटणापाशीच उभी होते. सुई आता फेकते की मग, एवढीच धाकधूक.

शेवटचा पक्षी वाकडा झाला. आजींनी त्यावरून बोट फिरवलं आणि उसवायला लावलं नाही. मला जरा हेवाच वाटला.

बाळ त्या कापडात आजींच्या मांडीवर खेळलं. मग हिवाळ्यात आजी गेल्या.

गेल्या आठवड्यात रोसाने बेल वाजवली. पाठीवर बाळ, हातात लोकर.

"शनिवारी मोकळी आहेस? समोर बसायला माणूस हवाय."

बसले. माझा धागा सैल पडला. रोसाने एक शब्द न बोलता तो उलगडला आणि गुंडा परत माझ्या हातात दिला.