पेनड्राइव्ह कडेगावला गेला तेव्हा

तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत, "आजी, कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा आम्हाला का नाही विचारलंस?" त्याचं खरं उत्तर असं की तुम्ही लगेच दुरुस्त करून दिला असता आणि तो का बंद पडला हे मला कळलंच नसतं. म्हणून आता सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आपल्या साताऱ्याच्या घरातला जुना कॉम्प्युटर इतका संथ झाला होता की तो चालू करून मी कुकर लावून यायची, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. त्यात माझी एक यादी होती. आपल्याकडे पूर्वी लग्नात मुलीचं नाव बदलायचे आणि माहेरचं नाव हळूहळू विसरलं जायचं. वंशावळीच्या कागदांवर तर बायकांची सासरची नावंसुद्धा नसतात. तुमच्या आजोबांच्या आत्या माणमध्ये, दहिवडीच्या बाजूला राहायच्या. त्यांना घराण्यातल्या सगळ्या बायकांची माहेरची नावं तोंडपाठ होती. वर्षभर दर रविवारी त्या फोनवर सांगत गेल्या आणि मी थेट कॉम्प्युटरवर उतरवत गेले. गेल्या वर्षी आत्या वारल्या.

ती यादी मी छापली नव्हती, तिची दुसरी प्रतही ठेवली नव्हती. यादी पूर्ण झाली की छापायची असं ठरवलं होतं, आणि ती पूर्ण झालीच नाही. पाचगणीच्या शाळेच्या ग्रंथालयात मी आयुष्यभर प्रत्येक पुस्तकाची दोन-दोन कार्डं केली, हे लक्षात घेतलं तर हे मला शोभणारं नव्हतं.

माझ्या नणंदबाई, म्हणजे तुमच्या बाबांची कडेगावची आत्या, नात झाली म्हणून पेढे घेऊन मुक्कामाला आल्या होत्या. बाळाचं बारसं येत्या रविवारी होतं. त्यांच्या मनात बाळाला स्वतःच्या आजीचं माहेरचं नाव ठेवायचं होतं. ते नाव दहिवडीच्या आत्यांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि आता ते फक्त माझ्या यादीत होतं.

"वैनी, एका चिठ्ठीवर लिवून द्या की," त्या म्हणाल्या. "येवढंच तर काम हाय."

"वन्सं, यंत्र फार हळू चालतंय. उद्या सकाळी त्यात नवीन प्रणाली घालणारच आहे. मग सगळी यादी नीट छापून देते."

"तुमचं नीट म्हंजे लय टाइम लागतो बघा."

लिनक्स नावाची प्रणाली घालायची हे मी आधीच ठरवलं होतं. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते, असं तुम्हीच सांगितलं होतंत. ती पेनड्राइव्हवरून घालावी लागते; माझा लहान पडत होता म्हणून वन्संचा मागून घेतला होता. त्यांच्या मुलाने तो ट्रॅक्टरवर गाणी वाजवायला आणला होता, अजून कोराच होता. रात्रीच त्यावर लिनक्स उतरवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ-पूजा आटोपून मी बसले. शेजारी वही होती. पडद्यावर जे जे विचारलं गेलं आणि मी जे जे उत्तर दिलं, ते सगळं लिहीत गेले. हार्ड डिस्कचे दोन भाग होते. एकात जुनी प्रणाली होती, दुसऱ्यात माझ्या फाइली. पहिला पुसून तिथे लिनक्स घालायची, दुसऱ्याला हात लावायचा नाही. पाऊण तासात काम झालं. पडद्यावर सूचना आली की पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.

वन्सं पायात चपला घालून दारात उभ्या होत्या, बाराची एसटी गाठायची होती. मी पेनड्राइव्ह काढला, रुमालाने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. उसनी वस्तू काम झालं की त्याच क्षणी परत करायची, ही माझी ग्रंथालयाची सवय. मग एंटर दाबलं.

काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच इंग्रजी ओळ: सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही, ते घाला आणि कोणतीही कळ दाबा.

कळ दाबली. तीच ओळ. बंद करून पुन्हा चालू केला. तीच ओळ.

वन्सं म्हणाल्या, "झालं का वैनी? नाव?"

"संध्याकाळपर्यंत कळवते," मी म्हणाले. त्या जाताना एकदा यंत्राकडे आणि एकदा माझ्याकडे बघून गेल्या.

तुमचे आजोबा लष्करात सिग्नलमध्ये होते. त्यांनी चष्मा लावला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी करंट आहे का बघ."

करंट होता. पंखा फिरत होता, कीबोर्डचा दिवा लागत होता. बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "आजी, आणून ठेवा. सगळं फॉर्मॅट मारून देतो, नव्यासारखा चालेल." मी फोन ठेवून दिला.

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. पुसताना आपण चुकून दुसराच भाग पुसला की काय, हे एकच डोक्यात होतं. वही उघडून पाहिली. पुसलेल्या भागाचा आकार लिहिलेला होता आणि तो पहिल्याच भागाचा होता. थोडा धीर आला. मग चालू करतानाच एक कळ दाबून यंत्राच्या मूळ सेटिंगचा निळा पडदा उघडला. तिथे हार्ड डिस्कचं नाव दिसत होतं. म्हणजे यंत्राला डिस्क दिसत होती. मग ते काही सापडलं नाही असं का म्हणत होतं?

याच प्रश्नाने मला पकडलं. मी खुर्चीत बसून त्या पांढऱ्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. आणि मला पाचगणीची एक सुट्टी आठवली. ग्रंथालयाला रंग द्यायचा म्हणून रंगाऱ्यांनी कार्डांचं कपाट उचलून भोजनगृहात नेऊन ठेवलं होतं. त्या आठवड्यात नव्या शिक्षिका आल्या, त्यांना कपाट सापडलं नाही आणि मुख्याध्यापकांकडे जाऊन म्हणाल्या की इथे पुस्तकंच नाहीत. पुस्तकं सगळी जागेवर होती. कुठलं कुठे आहे हे सांगणारं कपाट तेवढं नव्हतं.

यंत्र जागं होतं तेव्हा त्यालाही काही माहीत नसतं. कुठेतरी एक छोटी चिठ्ठी असते, तीत लिहिलेलं असतं की प्रणाली अमुक जागी आहे, तिथे जा. मी ती चिठ्ठी कुठे ठेवली होती?

वहीचं शेवटचं पान काढलं. "सुरुवात करून देणारा भाग कुठे ठेवायचा? – यादीतलं पहिलं." माझंच अक्षर. त्या यादीत दोन नावं होती, हे आता आठवलं. पहिल्यापुढचा आकाराचा आकडा हार्ड डिस्कच्या मानाने फारच छोटा होता. पहिलं नाव पेनड्राइव्हचं होतं. म्हणजे ती चिठ्ठी कडेगावला गेली होती, वन्संच्या पिशवीत.

आजोबांना सांगितलं तर ते हसले. "पाटी लिहिलीस आणि पाटीच पाहुण्यांना देऊन टाकलीस!"

लगेच वन्संना फोन लावला.

"वन्सं, पेनड्राइव्ह कुठंय?"

"ट्रॅक्टरला लावला व्हता. कायबी वाजंना झालंय. पोरगं म्हनतंय, पुसून गानी भरतो."

"पुसू नका! अजिबात पुसू नका. आजींचं नाव त्याच्याशिवाय उघडणार नाही."

 मग वन्संचा आवाज मोठा झाला, पण माझ्यासाठी नव्हे. "आरं ए, हात लावू नगंस त्याला! आन हिकडं!" आणि पुन्हा फोनवर, "आवं वैनी, चिठ्ठीवर लिवून दिलं असतंत तर ह्यो घोळ झाला असता का?"

"उद्या सकाळच्या एसटीने पाठवून द्या," मी एवढंच म्हणाले.

सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे त्यांनी पेनड्राइव्ह दिला. स्टँडवर आजोबा आणि मी अर्धा तास आधीच जाऊन उभे. ड्रायव्हरने काकवीची बाटली आणि एक कुंकवाची डबी हातात दिली. डबीत कापसात गुंडाळलेला पेनड्राइव्ह होता. "मावशींनी सांगितलंय, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा न्हाई," तो म्हणाला.

घरी आल्यावर चपला न काढताच मी तो लावला आणि बटण दाबलं. आजोबा मागे उभे होते. काळा पडदा आला. मग त्यावर एक छोटी चौकट उमटली आणि तीत लिनक्सचं नाव. मी एंटर दाबलं. माझा अंदाज बरोबर निघाला याचा आनंद झाला, आणि तो यादीच्या आनंदाहून आधी झाला, हे तुमच्यापासून लपवत नाही.

दुसऱ्या भागातल्या फाइली जशाच्या तशा होत्या. यादी उघडली. तेव्हाच ती चिठ्ठी डिस्कवर हलवायची, म्हणजे पेनड्राइव्हची गरज उरणार नाही, असं क्रमाप्रमाणे पुढचं काम होतं. हात तिकडे गेलाही. मग मी खण उघडला, ग्रंथालयाचं एक जुनं कोरं कार्ड काढलं आणि त्यावर आधी ते एक नाव शाईने लिहिलं. डिस्कचं काम दुपारी केलं.

वन्संना फोन केला.

"हळू सांगा वैनी," त्या म्हणाल्या. "बारशापातुर कुनाला कळायला नगं."

मी रिसीव्हरभोवती हात धरून सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाल्या, "आज्जीला असं हाक मारायचे व्हय," आणि फोन ठेवला.

आजोबा दारात उभे होते. "मलाही माहीत नाही," ते म्हणाले. "ती माझीही आजीच होती."

बारशाची गुपितं बारशापर्यंत सांगत नाहीत. पण मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि ओठ हलवून ते नाव एकदा वाचलं. बराच वेळ कार्ड परत दिलं नाही.