वेझलेचा चढ आणि रुखसानाची सायकल

"सायकल विकून टाक," सलीमभाई म्हणाले, आणि आमची फ्रान्सची ट्रिप तिथल्या तिथे ठरली.

थांबा, नीट सांगते. रुखसाना माझी सायकलची जोडीदार. मूळची श्रीवर्धनची, इथे दुबईत, देऱ्यात राहते, नवऱ्याचं, म्हणजे सलीमभाईंचं, सुक्या मेव्याचं दुकान. मी पुण्याची, घर अल मनखूलला, ऑफिस सिलिकॉन ओएसिसला. पंचेचाळिशी उलटल्यावर आम्ही दोघी एकाच लेडीज बॅचमध्ये सायकल शिकलो आणि तेव्हापासून दर शनिवारी पहाटे वाळवंटातल्या ट्रॅकवर एकत्र जातो. यंदा सलीमभाईंनी दुकान बंद करून कायमचं गावी जायचं ठरवलं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होते आणि कंटेनरमध्ये काय भरायचं, काय विकायचं याची चर्चा चालली होती.

"गावाला सगळी चढ-उतार," सलीमभाई म्हणाले. "हिला सवय सपाटीची. पहिल्या घाटीलाच उतरेल आणि अख्खा मोहल्ला बघत बसेल."

माणूस वाईट नाही हो. बायको सायकल शिकताना पडली तेव्हा बर्फ घेऊन हेच धावले होते. पण रुखसाना खाली मान घालून भात कालवत राहिली, कारण तिलाही तेच वाटत होतं. दुबईत चढ म्हणजे फ्लायओव्हर, आणि तिथे सायकल कोण नेऊ देणार?

मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार. म्हटलं, "विकायच्या आधी एकदा खऱ्या चढावर नेऊन तर बघू!"

"इथल्याच डोंगरातलं हट्टा आहे की," सलीमभाई म्हणाले.

"जूनमध्ये? हट्ट्यात सायकल नाही चालवत, पापड भाजतात."

फ्रान्समधल्या बर्गंडीचं वेड माझ्या डोक्यात दोन वर्षं होतंच. हलके चढ, हलके उतार, कालव्याकाठचे रस्ते आणि शेवटी वेझले: टेकडीवरचं जुनं गाव, माथ्यावर हजारएक वर्षांचा वारसा सांगणारं चर्च. मी फोनवर फोटो दाखवला. रुखसानाने तो मोठा करून रस्ता बघितला, चर्च नाही. मग म्हणाली, "या टेकडीवर पाय न टेकता पोचले तर सायकल गावी येणार. टेकला तर विका. खलास."

माझा मुलगा म्हणाला, "आई, यू गाइज आर क्रेझी." पण व्हिसाचा फॉर्म त्यानेच भरून दिला.

कामाचं आधी सांगते. व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी दोन महिने आधी लागा, उन्हाळ्यात सगळी दुबई युरोपला निघते. पॅरिसहून बर्गंडीतल्या ओसेरला साधी ट्रेन जाते, दोन तासांच्या आत. सायकली आम्ही तिथेच भाड्याने घेतल्या, दिवसाला पस्तीस युरो, म्हणजे दीडशे दिरहॅम, म्हणजे साडेतीन हजार रुपये. हा हिशोब रुखसानाने दुकानात मोठ्याने केला आणि दुकानदाराला वाटलं ती घासाघीस करतेय. त्याने दोन बाटल्या फुकट दिल्या.

ओसेर बघायला अर्धा दिवस ठेवा. नदीकाठी चढत गेलेलं गाव, लाकडी चौकटींची वाकडी घरं, आणि मोठ्या चर्चच्या तळघरात भिंतीवर पांढऱ्या घोड्यावर बसलेला येशू. तो घोडा बघून रुखसाना म्हणाली, "याचा तोल चांगलाय."

आता आमचा मूर्खपणा. पहिल्या सकाळी आम्ही सवयीने चारला उठलो. दुबईत सायकल म्हणजे ऊन वर यायच्या आत घरी, हे अंगात इतकं मुरलेलं, की दोघींपैकी एकीलाही शंका आली नाही. पुढे दिवा, मागे दिवा, प्रत्येकी चार बाटल्या पाणी, क्षारांच्या गोळ्या, हातांवर उन्हासाठीच्या बाह्या. बाहेर आलो तर काळोख, आणि थंडी अशी की दात वाजायला लागले. चहा नाही, माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. त्यात सोमवार! इथे सोमवारी बेकरीसुद्धा बंद असते. हॉर्न वाजवला की गाडीपाशी कडक चहा हजर होणाऱ्या गावातून आलेल्या आम्ही, एका बंद शटरसमोर उभ्या राहून खजूर चघळत होतो. उजाडल्यावर एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन आले, आमचे दिवे आणि बाटल्या बघितल्या आणि काळजीच्या सुरात विचारलं, "मादाम, तुम्ही कुठे, आफ्रिकेला?"

तेव्हा वाचकहो, नऊला निघा. जेवण बारा ते दोन, त्यानंतर हॉटेलवाला तुम्हाला पाणी देईल, अन्न नाही. शाकाहारी असाल तर चीज, ब्रेड, टोमॅटो जवळ ठेवा. रुखसाना मासळी खाते, तिला नदीतला ट्राउट मिळाला. "काटे सेम, चव नाही," असा तिचा निकाल.

पहिला दिवस कालव्याकाठी, सपाट, सावलीचा. बोटी वर-खाली करणारे पाण्याचे दरवाजे, त्यांच्याशेजारी गुलाबांनी भरलेली छोटी घरं. आम्ही उडत गेलो. दुसऱ्या दिवशी रस्ता द्राक्षांच्या मळ्यांत शिरला आणि चढ सुरू झाले. दोन्ही बाजूंना चेरीची झाडं, लालभडक लगडलेली, आणि रस्ता मधून वर चाललेला. पहिल्या चढावर रुखसाना मस्त गेली. दुसऱ्यावर समोरून ट्रॅक्टर आला, ती थांबली, पाय टेकला. आणि मग तिला पुन्हा बसताच येईना. एक पाय पॅडलवर ठेवायची, दुसरा उचलायच्या आत सायकल मागे यायची. तिसऱ्या वेळी आडवी पडली. कोपर खरचटलं.

ती रस्त्याच्या कडेला बसून रडली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं, हात-पाय मोडले असते तरी मला एवढी भीती वाटली नसती.

"दम नाही लागला गं मला," ती म्हणाली. "दमाचं काही नाही. थांबलं की पुन्हा सुरूच करता येत नाही, ते भय आहे. गावी म्हैस आडवी येणार, रिक्षा येणार, कुणी सलाम करणार. मी काय दर वेळी ढकलत घरी नेऊ?"

मला रागच आला. तिच्यावर नाही, आम्हाला चालवायला शिकवलं, थांबून निघायला कुणी शिकवलंच नाही, त्याचा. मी यूट्यूब उघडलं, रेंज नव्हती. तिला चेरी आणून दिल्या. झाडाखाली पडलेल्या होत्या, तोडल्या नाहीत, पुणेकर आहे मी.

चेरी खाता खाता ती समोरच्या टेकडीकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "अगो मीनल, अब्बांचा मचवा होता. वारा समोरून असला की अब्बा नाक वाऱ्यात घालायचे नाहीत. आडवा घ्यायचे. थोडं इकडे, थोडं तिकडे." उठली, सायकल रस्त्याला आडवी लावली, चढाला कूस करून. आडव्या सायकलीला चढ कळतच नाही, ती मागे येत नाही. एक पॅडल, दुसरं पॅडल, आणि मग हळूच हँडल वर वळवलं. गेली! मी मागून इतक्या जोरात ओरडले, की मळ्यातल्या बायकांनी कात्र्या उंचावून हात केला. संध्याकाळपर्यंत ती मुद्दाम दर चढावर थांबत होती आणि पुन्हा निघत होती. मुक्कामाला पोचायला उशीर झाला, झाला तर झाला.

तिसरा दिवस वेझलेचा. टेकडी लांबूनच दिसते, हिरव्या शेतांच्या वर बसलेलं गाव आणि त्याच्या डोक्यावर चर्चचा मनोरा. पायथ्यापासून वळणावळणाचा रस्ता, फार मोठा नाही, पण शेवटाकडे चांगलाच उभा होत जातो. रुखसानाने ओढणी हेल्मेटखाली खोचली. "यल्ला, चल," म्हणाली. अर्ध्यापर्यंत एका लयीत गेली. मी मागे, माझी जीभ बाहेर. तीनचतुर्थांश झालं असेल आणि वळणावर प्रवाशांची भलीमोठी बस आली, रस्ता भरून. रुखसाना कडेला झाली. पाय टेकला.

पैज गेली. बस निघून गेली तरी मला तिच्या तोंडाकडे बघवेना. आणि ही बाई शांतपणे पाणी प्यायली, मागेपुढे बघितलं, सायकल आडवी लावली आणि निघाली. माथ्यापर्यंत.

वर चर्चच्या दारावर दगडात कोरलेली जगातली चित्रविचित्र माणसं आहेत. त्यात एक बुटका, शिडी लावून घोड्यावर चढतोय. रुखसाना त्याच्याकडे बघून हसत सुटली. "हा बघ! यालाही चढता येत नव्हतं, पण बसला ना?" आत गेलो तेव्हा खांबांमधून ऊन जमिनीवर पडलं होतं. आम्ही दोघी खूप वेळ बसलो. तिने तिचं म्हटलं, मी माझं.

बाहेर आल्यावर सलीमभाईंचा व्हिडिओ कॉल आला. "पोचलीस? पाय टेकला का?"

मी खुणेने सांगत होते, नाही म्हण, कोण बघायला आलंय! रुखसाना म्हणाली, "टेकला. एकदा. पुन्हा निघाले आणि पोचले. सायकल येणार."

सलीमभाई म्हणाले, "बरं. जेवलात का?" आणि फोन ठेवला.

उतार दहाएक किलोमीटरचा, थेट छोट्या स्टेशनापर्यंत. तेवढ्यासाठी तरी जा तुम्ही. लाल पॉपीची फुलं उमललेली शेतं, तोंडावर थंड वारा, आणि ब्रेकवर बोटं ठेवून गाणं म्हणणारी रुखसाना. मला मात्र उतारभर तो फोन आठवत होता. 'बरं' म्हणजे काय?

परत येऊन काही आठवडे झाले. काल देऱ्यात दुकानामागच्या गल्लीत कंटेनर भरणं चालू होतं. फ्रिज, कपाट, भांड्यांची खोकी. सायकल भिंतीला टेकलेली, पुठ्ठ्यात गुंडाळलेली. हमालाने उचलली तर सलीमभाई ओरडले, "ती नको! ती बाजूला ठेव!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सलीमभाई, ती सायकल जाणार. ती पोचली होती वर. मी साक्षीदार आहे."

"मीनलताई," ते घाम पुसत म्हणाले, "तीस वर्षं माल भरतोय. शेवटी भरलेलं पहिलं निघतं. गावी दार उघडलं की हिला आधी सायकल लागेल. फ्रिजच्या मागे टाकू का?"

सायकल सगळ्यात शेवटी चढली. दोघांनी धरून, आडवी.