पोट भरलेला वाघ

हाओ मावशीच्या कात्रीतून उपाशी जनावर कधी बाहेर पडलं नाही. लाल कागदाचा मासा असो, हरीण असो नाहीतर कोंबडा, त्याच्या पोटात ती कमळ, डाळिंब, मक्याचं कणीस, काही ना काही कापायचीच. कुणी विचारलं तर म्हणायची, "लहानपणी मी रिकाम्या पोटी पुष्कळ झोपले. माझ्या जनावरांना नाही झोपवणार." आणि लगेच विचारणाऱ्यालाच झापायची, की माझ्या कात्रीवर बसलायस, ऊठ. कात्री बहुतेक वेळा तिच्याच मांडीखाली सापडायची.

आमच्याकडे डोंगरात कोरलेल्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी नवा पांढरा कागद लावला की त्यावर मावशीची चित्रं हवीतच. ती आधी रेघ म्हणून ओढायची नाही. तोंडाचा पट्टा चालू आणि हातही चालू. पैसे देऊ केले तर रागवायची, पण अंडी द्यायला विसरलात तर रस्त्यात अडवून आठवण करायची.

माझं लग्न ठरलं चिनशानशी. आमच्याकडे दर वर्षाला एका जनावराचं नाव असतं. तो मेंढीच्या वर्षात जन्मलेला, मी वाघाच्या. असलं लग्न म्हणजे मेंढी वाघाच्या तोंडी दिली, नवऱ्याचं काही खरं नाही, असं आमच्यात मानतात. म्हणून माझ्या आईनं सोयरीक आणणाऱ्या बाईला माझं वर्ष एकानं पुढे सरकवून सांगितलं आणि मी ससा झाले! मेंढीचं आणि सशाचं छान जुळतं म्हणे. मी चिनशानला खरं सांगितलं तर तो नुसता हसला. त्याच्या आईला, मियाओबाईंना, मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

नव्या जोडप्याच्या खिडकीत दोघांच्या वर्षांची जनावरं लावतात. ती न्यायला मियाओबाई स्वतः मावशीकडे येणार होत्या. त्याआधी मी धावत गेले आणि ससा कापायला सांगितलं. मी महिन्याची झाले तेव्हा माझ्या उशाशी वाघ लावला होता तो मावशीनंच. तरी तिनं कागद दुमडला आणि सशाचे कान कापले. ते लांब कान बघून माझं डोकंच फिरलं. उभा जन्म त्या घरात कान पाडून बसायचं?

"नको ससा. वाघ काप. लग्न मोडलं तर मोडलं," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला रडू फुटलं. चिनशान मला मनापासून हवा होता हो.

मावशीनं ससा चुलीत टाकला. वाघ आणि मेंढी पुरी होतायत न होतायत, तोच मियाओबाई दारात. कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा वाघ कोण?"

"मी," नाक पुसत मी म्हणाले. "ससा म्हणून सांगितलं ते खोटं."

मियाओबाई खालून चुलीची ऊब येणाऱ्या झोपायच्या ओट्यावर मटकन बसल्या. नवरा गेल्यावर एकट्या बाईनं वाढवलेला एकुलता एक मुलगा. "माझ्या पोराला खाईल गं ही," त्या पुटपुटल्या. मला राग आला होता, पण त्या कागदातल्या मेंढीवर हात झाकून बसल्या होत्या, ते बघून तो गेला.

मावशी थोडीच गप्प बसणार? "पोरगा रांगत होता तेव्हा त्याच्या डोक्यावर वाघाची टोपी कुणी चढवली? पायात वाघाचे जोडे कुणी घातले? तेव्हा राखणीला वाघ चालला. आता तो आपल्या पायानं घरी येतोय, तर भ्यायला लागलीस?" मग तिनं कागद उजेडात धरला. "आणि याचं पोट बघ जरा."

पोटात कणसं, डाळिंबं, कमळं अशी खच्चून भरलेली, की बोट ठेवायला जागा नाही.

"भरल्या पोटी वाघ कुणाला खात नाही. पोरीला पोटभर जेवायला घाल, म्हणजे झालं."

मियाओबाईंनी वाघाच्या पोटातली कणसं मोजून बघितली. मग त्यांनी मला विचारलं, शेवया किती वाट्या खातेस. मी खरं तेच सांगितलं, तीन.

"पीठ वाढवायला लागेल," त्या म्हणाल्या आणि कागद जपून रुमालात गुंडाळला.

लग्न झालं. त्या दिवसापासून घरातली पहिली वाटी माझी, चिनशानची दुसरी. मी चांगली गरगरीत झाले. मावशी गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. खिडकीला काच बसवली तेव्हा तिच्या त्या वाघाचा रंग उडाला होता, म्हणून मी तो नव्यानं कापला, पोटासकट.

सासूबाईंना आता माणसं ओळखू येत नाहीत. माझं नावही आठवत नाही. पण जेवण समोर आलं की आधी विचारतात, "वाघ जेवला का?" मी हो म्हटल्यावरच त्या पहिला घास घेतात.