सदतीस नंबरचे शांत उंदीर

आमच्या फार्मसी कॉलेजातले पांढरे उंदीर आकाराम सांभाळतो. गडी मूळचा नेसरीचा, तोंडाचा फटकळ; पण उंदरांचं पाणी बदलताना दावणीच्या म्हशीशी बोलावं तसा लाडानं बोलतो.

सयाजी सर फिटवर औषध शोधतात. प्रथिनं ज्यांची बनतात त्यातलं एक अमिनो आम्ल घ्यायचं, त्याला दरवेळी नवं शेपूट जोडायचं, की झाला नवा पदार्थ. चौदा वर्षांत असे छत्तीस पदार्थ झाले, छत्तीस पेपर छापून आले. फिट एकाही माणसाची थांबली नाही. सरांना बढती मात्र दोनदा मिळाली.

पदार्थ उंदराला टोचायचा आणि कानाला विजेचा क्षणभर झटका द्यायचा. मागचे पाय ताठ झाले की पदार्थ नापास. सरांचा मदतनीस म्हणून आकडे मी लिहायचो. आकाराम तेवढ्यापुरता बाहेर जाऊन उभा राहायचा. त्याच्या नववीतल्या लेकीला, क्रांतीला, फिट येते. शेजारणी तिच्या नाकाशी चप्पल धरायला धावतात आणि हा त्यांना शिव्या घालून हाकलतो.

सदतीस नंबरला चमत्कार झाला. एकही उंदीर ताठला नाही. गंमत म्हणजे तुलनेसाठी ज्यांना औषधाऐवजी नुसतं मीठपाणी टोचलं होतं, तेही आरामात मिशा साफ करत बसले होते. इथं कुठंतरी पाणी मुरतंय, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. सर म्हणाले, "त्या गटाच्या वेळी यंत्र बिघडलं असणार. मागल्या वर्षीचे आकडे घाला." मी घातले. माझंही पोट त्याच कॉलेजावर आहे.

लगेच सत्कार झाला. सरांना फेटा बांधला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पेपर पाठवायचा होता, म्हणून मी सहीसाठी केबिनमध्ये उभा होतो. तेवढ्यात आकाराम आत आला.

"सर, माझ्या हातनं चूक झालीया. डॉक्टरनं क्रांतीची गोळी निम्मी केली. उरल्याली अर्धी मी रोज उंदरांच्या पाण्यात घालत हुतो. तडफडत्यात, मला बघवत न्हाय."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी उठून दार लावलं.

"येडा हायस काय? तेवढ्यानं काय होतंय? गुण सदतीस नंबरचाच. बाहेर कुठं बोलू नको."

आकारामचा जीव भांड्यात पडला. त्यानं हात जोडले.

"व्हय? मग आमच्या क्रांतीला त्योच सदतीस नंबर द्या की, सर. ही गोळी आजपासनं बंद करतो."

सर परत खुर्चीत बसले. मला त्यांची कीव आली आणि स्वतःची लाजही वाटली.

"नको," सर खालच्या आवाजात म्हणाले, "तीच गोळी चालू ठेव. एक दिवससुद्धा चुकवू नको."

मग माझ्या हातातला पेपर ओढून त्यांनी सही केली.