बोरीच्या काट्या

तोरणमाळच्या कड्यावर ती मला एकदाच भेटली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी शहाद्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. खरपुडी या खाण्याजोग्या कंदाच्या वेलीची एक दुर्मिळ जात कुठे उरली आहे, ते पाहायला गेलो होतो. गवताळ उतारावर दिवसभर हिंडल्यावर एकच वेल सापडली. तिच्यावर बोटाएवढं, कंदिलासारखं एकच फूल. भोवती बोरीच्या काट्या होत्या. मी त्या बाजूला सारल्या, फूल खुडलं आणि नमुना म्हणून कागदात दाबलं.

तेवढ्यात ती शेळ्या घेऊन आली. साठीची, अनवाणी, खांद्यावर कुदळ.

"मावशी, ही वेल दुर्मिळ आहे. कंदासाठी खोदू नका हं," मी लगेच शिकवायला लागलो.

"फुलावर आलेली वेल आम्ही नाही खोदत, दादा," घरची पावरी बोली बाजूला ठेवून ती सावकाश मराठीत बोलली. "बी पडलं का मग खोदतो. बारका कंद परत पुरतो. काट्या मीच लावल्या. फूल तुम्ही घेतलं, आता बी कुठून पडणार?"

आवाजात राग नव्हता. ती उकिडवी बसली आणि एकेक काटी पुन्हा रोवू लागली.

"आता कशाला?" मी विचारलं.

"वेल आहे ना. पुढच्या साली येईल फूल."

माझ्या वहीत 'धोके' असा रकाना आहे. त्यात दरवेळी मी शेळ्या आणि कंद खोदणारे लिहितो. त्या दिवशी तिथे स्वतःचं नाव लिहिलं.